नाही म्हटल्यावरही तो मागे येतो: वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरं

संबंध संपवले, घटस्फोट झाला, घर बदललं, तरी आधीचा जोडीदार पिच्छा सोडत नाही, अशा आशयाची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. गुन्हे, पोलिसी कार्यपद्धती आणि पुराव्याच्या कलमांचे क्रमांक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतले आहेत: गुन्हे आणि शिक्षांसाठी भारतीय न्याय संहिता, कार्यपद्धतीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम. त्याआधी घडलेल्या घटनांना जुनी दंड संहिता लागते. तिथे पाठलागाचं कलम ३५४-ड होतं. २०१३ च्या दुरुस्तीनं ते आलं.

उत्तरं वाचण्याआधी एक फरक लक्षात घ्या. गुन्हा नोंदवणं वेगळं आणि संपर्काला मनाई करणारा आदेश मिळवणं वेगळं. गुन्ह्यामुळे शिक्षेची वाट उघडते, आदेशामुळे उद्या सकाळचा फोन थांबू शकतो. केवळ पाठलागासाठी मनाई आदेश देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे तो आदेश कुठे मागायचा, हे तुमचं आधीचं नातं काय होतं यावर ठरतं.

प्रश्न : मी कोथरूडला राहते, हिंजवडीत नोकरी करते. आठ महिन्यांपूर्वी मी संबंध संपवले. आम्ही कधी एकत्र राहिलो नव्हतो. तो नव्या नव्या नंबरवरून फोन करतो, सोसायटीसमोरच्या टपरीवर उभा असतो. सगळीकडे ब्लॉक केलं तर आता यूपीआयवर एकेक रुपया पाठवून त्याच्या शेऱ्यात मजकूर लिहितो. चौकीत गेले तर एनसी घेतली आणि "बोलावून समज देतो" म्हणाले. पुढे काय करू?

एनसी हा इथे चुकीचा कागद आहे. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासच करता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालचा पाठलाग दखलपात्र आहे, म्हणजे एफआयआर व्हायला हवा. एकाच प्रकरणात काही गुन्हे अदखलपात्र असले आणि एक जरी दखलपात्र असला, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही, म्हणून तुम्ही सांगा.

असं का होतं तेही समजून घ्या. चौकीत आपण सांगतो, "तो मला त्रास देतो, धमकावतो." समोरचा अंमलदार "शिवीगाळ, दमदाटी" लिहितो आणि ते एनसीत जातं. कलम ७८ ला तीन गोष्टी लागतात. पुरुषानं स्त्रीच्या मागे जाणं, तिच्याशी संपर्क करणं किंवा करायचा प्रयत्न करणं. हे वारंवार घडणं. आणि तिनं स्पष्टपणे नको म्हटल्यावरही घडणं. याशिवाय तिच्या इंटरनेट, ईमेल वा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं हाही याच कलमातला स्वतंत्र प्रकार आहे. एकदाच मागे जाणं म्हणजे पाठलाग होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही म्हटलं आहे. म्हणून तक्रारीत "वारंवार" हा नुसता शब्द पुरत नाही, तारखा लागतात.

नकार लेखी आहे का? नसेल तर आज एकदाच, एकाच ठिकाणी लिहा: "मला तुझ्याशी कोणताही संपर्क ठेवायचा नाही. फोन, मेसेज, भेट, पैसे पाठवणं, मैत्रिणींमार्फत निरोप, काहीही नको. यापुढे संपर्क केलास तर मी तक्रार करेन." खाली कारणं नकोत, जुना हिशेब नको, "प्लीज" नको. त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर देऊ नका. रात्री दोनला वैतागून टाकलेलं "मला जगू दे रे" हे एक वाक्यसुद्धा बचावाचा वकील न्यायालयात वाचून दाखवतो आणि म्हणतो, बोलणं तर चालूच होतं. रुपयाही परत पाठवू नका. तोही संपर्कच ठरतो. त्यानं पूर्वी हात उचलला असेल, तर हा मेसेज एकटं असताना पाठवू नका. घरात कुणी असताना, आईवडिलांना किंवा मैत्रिणीला सांगून पाठवा, आणि पुढचे काही दिवस जाण्यायेण्याच्या वेळा बदला.

आता पुरावा. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि घडेल ते त्याच दिवशी लिहा: तारीख, वेळ, जागा, काय झालं, कुणी पाहिलं, पुरावा क्रमांक. नोंद अशी असावी: "१२ तारीख, सकाळी ८.५०, फाटकासमोरची टपरी, ४० मिनिटं उभा, रिक्षा सुरू होताच दुचाकीवरून मागे, वॉचमननं पाहिलं, फोटो १७." स्क्रीनशॉट घेताना वर नाव न दिसता नंबर दिसला पाहिजे, म्हणून आधी त्याचं नाव संपर्कयादीतून काढा. नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. यूपीआयसाठी बँकेचं स्टेटमेंट घ्या आणि शेरा, व्यवहार क्रमांक आणि पाठवणाऱ्याचा आयडी दिसेल असा त्या व्यवहाराचा तपशीलही जपा. बँकेची ही नोंद त्याला पुसता येत नाही. त्याच्या मेसेजांपेक्षा ती कधी कधी जास्त भक्कम ठरते. हे सगळं जपल्यावरच ब्लॉक करा. एक मार्ग मात्र ब्लॉक न करता नुसता आवाज बंद करून ठेवा, म्हणजे धमकी आली तर कळेल.

सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जाऊन त्यावर नवं साठतं, अनेक ठिकाणी पंधरा-वीस दिवसांतच. सेक्रेटरींना आजच अर्ज द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, फाटकाच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवावं. अर्जाच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या.

जुना फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात. एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं असतं. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. फाइल उघडून कापलीत, वर्तुळं-बाण काढलेत की तो बदलतो. म्हणून मूळ फाइलला हात लावू नका आणि खुणा करायच्या तर प्रतीवर करा. फोन पोलिसांनी ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या, आणि त्याआधी स्वतःकडे पूर्ण बॅकअप ठेवा.

तक्रार चौकीत न देता पोलीस ठाण्यात द्या, लेखी, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. कोथरूड पुणे शहर आयुक्तालयात येतं आणि हिंजवडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, त्यामुळे "ऑफिसबाहेरचा प्रकार तिकडे सांगा" हे उत्तर मिळू शकतं. ते ऐकून परत येऊ नका. घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी एफआयआर नोंदवून घ्यावा लागतो आणि नंतर तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. कलम ७८ च्या तक्रारीत स्त्रीचा जबाब महिला पोलीस अधिकाऱ्यानं किंवा महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. ऑनलाइन किंवा ईमेलनं माहिती दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती त्याच दिवशी मागा. लैंगिक गुन्ह्याचा एफआयआर संवेदनशील असल्यानं तो संकेतस्थळावर टाकू नये, हेही अर्जात लिहा.

"आधी चौकशी करू" असं उत्तर आलं तर घाबरू नका, पण वेळ मोजा. ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात साहाय्यक पोलीस आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनं प्राथमिक चौकशी करता येते, आणि ती १४ दिवसांत संपवायची असते. परवानगी कुणाची, कुठल्या तारखेची, हे लेखी विचारा. एफआयआर घेतच नसतील तर तीच तक्रार परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर शिवाजीनगर न्यायालयात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो आणि ते तपासाचा आदेश देऊ शकतात. उपायुक्तांचा टप्पा गाळून थेट न्यायालयात गेलात तर अर्ज तिथेच अडकतो.

एफआयआरनंतर तुमचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोरही नोंदवला जातो, शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यांसमोर. पोलिसांना फक्त जबाबासाठी तुम्हाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. ते घरी येऊन घेऊ शकतात. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं त्यांचं काम आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण नंतर कळली की पायाखालची जमीन सरकते. पहिल्या गुन्ह्यात कलम ७८ जामीनपात्र आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत आणि दंड. तो त्याच दिवशी जामिनावर बाहेर येऊ शकतो, अटक न करता नुसती नोटीसही दिली जाऊ शकते. एकदा शिक्षा होऊन पुन्हा केलं तर ५ वर्षांपर्यंत, आणि तेव्हा गुन्हा अजामीनपात्र असतो. त्यामुळे एफआयआरच्या दिवशी रात्री कुठे राहायचं, वॉचमनकडे त्याचा फोटो आहे का, ऑफिसच्या सुरक्षा विभागाला सांगितलं का, हे आधी ठरवा. त्यानं हात धरला असेल, अंगाशी झोंबला असेल, तर कलम ७४ लागतं, ते अजामीनपात्र आहे. जिवे मारायची धमकी दिली असेल तर ३५१(३). पण घडलं तेवढंच लिहा. वकिलाच्या किंवा नातेवाइकाच्या सांगण्यावरून एक खोटा प्रसंग घातला, की उलटतपासणीत तोच धागा ओढून बाकीचं सगळं खरं उसवलं जातं.

तुम्ही एकत्र राहिला नव्हता, म्हणून मनाई आदेशाचे दोन मार्ग उरतात. पहिला, ज्याला ठाण्यात सगळे चॅप्टर केस म्हणतात: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली त्याच्याकडून एक वर्षापर्यंत शांततेचं बंधपत्र. आयुक्तालयाच्या हद्दीत ते अधिकार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे असतात. एफआयआरसोबतच त्यासाठी वेगळा अर्ज द्या. दुसरा, दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा आणि त्यात तातडीचा अंतरिम मनाई हुकूम. तो मोडला तर मालमत्तेवर जप्ती आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. खर्च आणि वेळ लागतो, पण संपर्क थांबवणारा स्पष्ट कागद हातात येतो.

"समज देतो" याबद्दल एवढंच म्हणू: ठाण्यात लिहून दिलेला माफीनामा कुठल्याच कायद्यातला आदेश नाही. तो मोडला म्हणून शिक्षा होत नाही. लिहून घेतला असेल तर त्याची प्रत मात्र जरूर घ्या. नकार त्याला कळला होता, याचा तो उत्तम पुरावा आहे.

प्रश्न : मी धायरीला आईकडे राहते. घटस्फोट होऊन वर्ष झालं. मुलाला भेटायच्या निमित्तानं तो वेळी-अवेळी दारात येतो, शाळेबाहेर थांबतो, माझ्या कार्यालयात फोन करतो. लग्नात मारहाण होती, पण तेव्हा मी तक्रार केली नाही. आता उशीर झाला का?

नाही. तुमच्याकडे पहिल्या पत्रलेखिकेपेक्षा मोठं हत्यार आहे: कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. या कायद्यातलं "कौटुंबिक नातं" म्हणजे लग्नानं, लग्नासारख्या नात्यानं किंवा कुटुंब म्हणून जोडलेले आणि सध्या किंवा पूर्वी कधीही एका घरात एकत्र राहिलेले दोघे. घटस्फोटित पत्नीला लग्नाच्या काळातल्या हिंसेबद्दल या कायद्याखाली अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये जुवेरिया पटणी प्रकरणात मान्य केलं आहे. समोरचा वकील "घटस्फोटानंतरचं वागणं यात येत नाही" असं म्हणणार हे धरून चाला. म्हणून अर्जात फक्त आजचा त्रास लिहू नका. लग्नातली मारहाण, ती वेगळं व्हायचं कारण, मग दारातलं उभं राहणं, शाळा, कार्यालय, अशी सलग साखळी तारखांसकट लिहा. तेव्हा पोलिसात गेला नसाल तरी दवाखान्याचा कागद, बहिणीला पाठवलेले मेसेज, शेजारीण, काहीही चालतं.

मागायचा तो कलम १८ खालचा संरक्षण आदेश. त्यात घराजवळ, नोकरीच्या ठिकाणी, मुलाच्या शाळेत यायला बंदी घालता येते आणि प्रत्यक्ष, फोनवर, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक कुठल्याही मार्गानं संपर्काला मनाई करता येते. आदेशातला प्रत्येक शब्द नंतर उपयोगी पडतो, म्हणून अर्जात पत्ते पूर्ण लिहा: आईचं घर, कार्यालय, शाळा, क्लास. "स्वतः किंवा इतर कुणामार्फत" हे शब्द घाला, नाहीतर उद्या त्याची आई फोन करेल. "त्रास देऊ नये" असा मोघम आदेश मोडला की नाही यावरच वर्षभर वाद चालतो.

मुलाच्या भेटी वेगळ्या मार्गी लावा. भेटीचा वार, वेळ आणि जागा न्यायालयाकडून ठरवून घ्या, मुलाला सोडायला-घ्यायला तिसरं माणूस असू द्या, आणि मुलाबद्दलचं बोलणं फक्त एका ईमेलवर. भेटीचा हक्क आणि तुमच्या दारात यायचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या केल्या नाहीत तर प्रत्येक वेळी तो "मी मुलाला बघायला आलो होतो" म्हणेल, आणि पोलीसही मागे सरतील. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात ताब्याचं प्रकरण आधीच चालू असेल, तर संरक्षणाची मागणी कलम २६ खाली तिथेही करता येते.

अर्ज तुम्ही राहता, अगदी तात्पुरत्या राहता, तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही चालतो. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून देतात, त्यासाठी पैसे पडत नाहीत. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून मुख्य अर्जासोबत कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज शपथपत्रासह पहिल्याच दिवशी लावा. धोका स्पष्ट दिसला तर न्यायालय समोरच्याला ऐकण्याआधीही तो देऊ शकतं. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

या आदेशाची खरी ताकद कलम ३१ मध्ये आहे. आदेश मोडणं हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. न्यायालयाला केवळ तुमच्या साक्षीवरही दोषी धरता येतं. आदेशाची प्रमाणित प्रत आपल्या ठाण्यात स्वतः नेऊन द्या, शिक्का घ्या, एक पर्समध्ये ठेवा, एक शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्या. तो दारात आला की ११२ ला फोन करून पहिलं वाक्य हे सांगा: "माझ्याकडे न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे आणि तो आत्ता मोडला जातोय." एरवी "घरगुती भांडण" म्हणून गाडी सावकाश येते.

प्रश्न : लग्न झालं नव्हतं, पण वाकडला दोन वर्षं एकत्र राहत होतो. मला हा कायदा लागू होतो का?

होऊ शकतो. "विवाहसदृश नातं" या कायद्यात येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या वेलुसामी आणि २०१३ च्या इंद्रा सर्मा निकालांत कसोट्या दिल्या आहेत: दोघं लग्नाच्या वयाची आणि लग्नाला कायद्यानं मोकळी असणं, पुरेसा काळ एकत्र राहणं, समाजात जोडपं म्हणून वावरणं, खर्च-घर एकत्र असणं. त्यामुळे दोघांच्या नावाचा भाडेकरार, पोलीस पडताळणीचा अर्ज, गॅस-वीजबिल, एकाच पत्त्याची पार्सलं, सोसायटीची भाडेकरू नोंद, हे कागद गोळा करा. तो आधीच विवाहित होता आणि तुम्हाला ते माहीत होतं, तर हा रस्ता बहुधा बंद आहे. मग कलम ७८ आणि दिवाणी मनाई हुकूम.

प्रश्न : आमच्या जवळिकीचे फोटो त्याच्याकडे आहेत. काही मी स्वतः पाठवले होते. परत आली नाहीस तर नातेवाइकांना पाठवीन म्हणतो. फोटो मीच दिले, मग तक्रार कशी करू?

फोटो काढायला किंवा द्यायला दिलेली संमती म्हणजे पसरवायला दिलेली संमती नव्हे. न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये हे स्पष्टीकरण म्हणून लिहिलेलंच आहे. चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची धमकी ३५१(३) मध्ये येते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. फोटो टाकला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई आणि मजकुरानुसार ६७ किंवा ६७-अ. पैसे मागितले तर खंडणी, कलम ३०८. तुम्ही यात आरोपी नाही, आणि "तू का दिलेस" हा प्रश्न विचारायचा अधिकार ठाण्यातल्या कुणालाही नाही.

पैसे देऊ नका, "एकदा भेट, डिलीट करतो" याला जाऊ नका. धमकीचा मेसेज जपा, त्यात मागणी आणि धमकी दोन्ही आहेत. फोटो कुठे दिसला तर स्क्रीनशॉटसोबत त्या पोस्टची आणि खात्याची पूर्ण लिंक कॉपी करा. खात्याचं नाव बदलता येतं, नुसत्या स्क्रीनशॉटवरून नंतर खातं सापडत नाही. मग त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तुम्ही स्वतः तक्रार करा. नग्नता असलेला किंवा तुमच्या नावानं बनवलेला मजकूर काढायला २०२१ च्या नियमांत त्यांना २४ तासांची मुदत होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनं ती २ तासांवर आली आहे, आणि फोटोत फेरफार करून बनवलेला असला तरी हेच लागू होतं. अजून कुठे टाकलेला नसेल तर स्टॉपएनसीआयआय ही सेवा वापरा. तिथे फोटो कुणाकडे जात नाही. तुमच्याच फोनवर त्याचा हॅश तयार होतो आणि फक्त तो सहभागी मंचांना दिला जातो, म्हणजे कुणी तोच फोटो चढवू लागला तर तो ओळखता येतो.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नोंद करा आणि पोचक्रमांक घ्या. "हे सायबरचं आहे, तिकडे जा" असं ठाण्यात सांगतील. त्यामागे एक कारण आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. पण निरीक्षक तुमच्या ठाण्यातही असतात आणि धमकी व पाठलागाचा गुन्हा तिथेच नोंदवता येतो. फोटोच्या वेळी तुम्ही १८ वर्षांच्या आत असाल तर पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा लागतो. तारीख जरूर सांगा.

प्रश्न : मी पुरुष आहे. आधीची मैत्रीण घरी, कंपनीत येऊन तमाशा करते, माझ्या नावानं खोटी खाती काढते. कलम ७८ माझ्यासाठी आहे का?

नाही. त्या कलमात आरोपी पुरुष आणि पीडित स्त्रीच आहे, आणि ही उणीव आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. तुमच्यासाठी धमकीला न्याय संहितेचं ३५१, वाट अडवण्याला त्याच संहितेचं १२६, खोट्या खात्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-क आणि ६६-ड, खोट्या तक्रारीची भीती घालून पैसे मागितले तर ३०८, शांततेच्या बंधपत्रासाठी वर सांगितलेली चॅप्टर केस आणि दिवाणी मनाई हुकूम. शेवटचा मार्ग तुमच्या बाबतीत सगळ्यात कामाचा. वही, लेखी नकार, उत्तर न देणं, हे सगळं तुम्हालाही तसंच लागू. तिनं घरासमोर गोंधळ घातला तर दार उघडून वाद घालू नका. आतून ११२ ला फोन करा.

प्रश्न : तो माझ्याच कंपनीत आहे. पोलिसात जायचं धाडस अजून होत नाही.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे जा, पण दिवस मोजा: शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. चौकशी चालू असताना त्याची किंवा तुमची बदली आणि तुम्हाला ३ महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते. आम्ही म्हणू, बदली त्याची मागा. कंपनीच्या बाहेरचा माणूस फाटकावर येत असला तरी कामाची जागा सुरक्षित ठेवणं मालकाची जबाबदारी आहे. पुढे एफआयआर करायचं ठरलं तर त्यात मदत करणंही.

प्रश्न : मुलीचा आधीचा मित्र तिच्या मागे आहे. आम्ही हडपसरला राहतो. चार पोरं घेऊन त्याला समजावलं तर? नाहीतर लग्न लावून द्यावं असं घरात चाललंय.

तुमची तळमळ समजते, पण पोरं नेऊ नका. मारहाण झाली की त्याची तक्रार आधी नोंदते, तुमच्यावर मारहाण आणि बेकायदा जमावाची कलमं लागतात, आणि मग ठाण्यात तडजोडीचा सूर सुरू होतो: "दोन्हीकडून मागे घ्या." मुलीचा खरा गुन्हा त्यात बुडतो. पाठलागाचा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही, हे बैठक भरवणाऱ्या नातेवाइकांनाही सांगा.

लग्नाची घाईही करू नका. माणूस मागे लागलेला असतो तो लग्नानंतर सासरच्या दारातही जातो, आणि मग मुलीला दोन घरांत उत्तर द्यावं लागतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती बापही देऊ शकतो, पण खटला उभा राहतो तो तिच्या जबाबावर, म्हणून तिला विचारल्याशिवाय ठाण्यात जाऊ नका. तिचा फोन काढून घेऊ नका. पुरावा त्यातच आहे, आणि मदतीला हाक मारायचं साधनही तेच. नातं तुटल्यानंतरचे पहिले महिने सर्वांत धोक्याचे असतात. त्यानं गळा धरला असेल, हत्यार दाखवलं असेल, "मी मरेन आणि तुलाही नेईन" म्हटलं असेल, तर वाट बघू नका, त्याच दिवशी ठाण्यात जा. साक्षीदार संरक्षणाच्या २०१८ च्या योजनेत पाठलागाचा गुन्हा नावानिशी घेतला आहे. खटला चालू असताना धमक्या आल्या तर जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकरणाकडे संरक्षणाचा अर्ज करता येतो, आणि त्यावर पोलिसांचा धोका-अहवाल मागवला जातो.

प्रश्न : मी कुठे आहे हे त्याला नेमकं कसं कळतं? गेल्या रविवारी गाडीनं साताऱ्याला निघाले तर तो मला त्याबद्दल विचारत होता.

गाडीचा फास्टॅग कुणाच्या मोबाइलला जोडलेला आहे ते बघा. त्याच्या नंबरला असेल तर खेड-शिवापूर टोल ओलांडताच त्याला मेसेज जातो. आधी हे तपासा, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग व्हॉट्सॲपमधली जोडलेली उपकरणं, गूगल खात्यात साइन-इन असलेली उपकरणं, नकाशातलं लोकेशन शेअरिंग, आयफोनचं फाइंड माय, फॅमिली ग्रुप, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर आणि ईमेल, जेवण मागवायच्या ॲपवरचं दोघांचं खातं. सिम त्याच्या नावावर असेल तर आधी ते बदला. ते त्याच्या ताब्यात असेपर्यंत तुमचे ओटीपी त्याच्या हातात जाऊ शकतात. गाडीत सीटखाली, डिकीत, बंपरच्या आत छोटं ट्रॅकर आहे का ते गॅरेजमध्ये दाखवून घ्या. आयफोन आणि नव्या अँड्रॉइड फोनमध्ये अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असेल तर सूचना येते.

सापडलं की लगेच उपटू नका. जिथे आहे तिथेच फोटो, पडद्याचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ, शक्य तर पोलिसांसमोर पंचनामा, कारण ही पाळत हाच कलम ७८ मधला दुसरा प्रकार आहे. पासवर्ड बदलायचे ते त्याच्या हाताखालून न गेलेल्या फोनवरून, बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या. आणि ज्या संध्याकाळी हे सगळे मार्ग एकदम बंद कराल, त्या रात्री घरी एकटं राहू नका. त्याला ते लगेच कळतं.